आधी डोंगर, मग जेवण: हाँगकाँगला निघालेल्या सोलापूरकरांसाठी

गावातलं कोणी परदेशी निघालं की आमच्या घरी चौकशीला येतं. मी टॉवेलच्या निर्यातीच्या कामासाठी साडेतीन वर्षं हाँगकाँगला राहून आलो, एवढीच माझी लायकी. प्रश्न ठरलेले असतात. खोलीचं भाडं किती, तूरडाळ मिळते का, थंडी किती. शहर बघायचं कसं, हे मात्र कोणी विचारत नाही. मग दोन वर्षं खोली, ऑफिस आणि भारतीय किराण्याचं दुकान या त्रिकोणात फिरून माणूस परत येतो आणि सांगतो, 'शहर ठीक आहे, पण आपल्यासारखं नाही.'

खरं तर शहर चालत ओळखायचं असतं हे सोलापूरकराला शिकवायला नको. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्या लिंगांच्या वाटेने निघतात. लहानपणी त्या काठ्यांमागे चाललेल्या पोराला गावातली गल्ली वेगळी पाठ करावी लागत नाही. परदेशात मी हीच पद्धत धरली, फक्त लिंगांच्या जागी डोंगर आले. दर रविवारी एक डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी स्थानिक लोक जेवतात अशा ठिकाणी एक जेवण. डोंगरावरून शहराचा नकाशा कळतो, जेवताना शहरातली माणसं कळतात.

हाँगकाँग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात. प्रत्यक्षात तिथली सुमारे ४० टक्के जमीन संरक्षित रानाची आहे. १९७६ साली कायदा झाला आणि शहराच्या अंगालाच ही राखीव उद्यानं उभी राहिली. मेट्रोतून उतरून वीस मिनिटांत पायवाट लागते. सोलापूरच्या सपाट माळावर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

निघण्यापूर्वी, सोलापुरातच

दोन आठवड्यांपर्यंतच्या भेटीसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. नोकरीसाठी जाणाऱ्यांचा व्हिसा कंपनीमार्फत होतो, त्यात मी पडत नाही.

पायांची तयारी मात्र इथेच करा. तिथल्या पायवाटा म्हणजे सह्याद्रीतल्या निसरड्या घसारा वाटा नव्हेत. बऱ्याच ठिकाणी सिमेंटच्या पायऱ्या आहेत, शेकड्याने. चढताना छाती भरते, उतरताना गुडघे बोलतात. संभाजी तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणं चांगलंच, पण त्याने पायऱ्यांची सवय होत नाही. महिनाभर आपल्याच इमारतीचे जिने चढा-उतरा, पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी घेऊन. शेजारचे हसतील. माझेही हसले होते.

सामानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्याच. डोंगरावर नेण्यासाठी यापेक्षा चांगला खाऊ मला अजून सापडलेला नाही: वजन कमी, नासायची भीती नाही, आणि दोन भाकऱ्यांत तीन तास निघतात. एक धोका आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत महिनोन्‌महिने कडकडीत राहणारी भाकरी तिथल्या दमट हवेत चार दिवसांत पापडासारखी सादळते. घट्ट झाकणाचा डबा हवा, आणि एका वेळी हवी तेवढीच भाकरी बाहेर काढायची. चटणीला हवेचा त्रास कमी, पण चटणी लवकर संपते, कारण ऑफिसातले लोक मागून खातात.

पहिला आठवडा: डोंगर नाही, ट्राम

विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्या. मेट्रो, बस, ट्राम, बोट, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे तेच टेकवायचं. एक हाँगकाँग डॉलर साधारण अकरा रुपयांचा धरा. पण पहिल्या महिन्यानंतर गुणाकार बंद करा, नाहीतर चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही.

पहिल्या रविवारी पश्चिमेच्या केनेडी टाउनहून पूर्वेच्या शाऊ केई वानपर्यंत ट्रामने जा. ट्राम इथे १९०४ पासून धावते, आता ती दुमजली आहे. घंटेच्या आवाजावरून लोक तिला 'डिंग डिंग' म्हणतात. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे. भाडं तीन डॉलरच्या आसपास, कुठूनही कुठेही. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरा आणि दीड तास नुसतं बघा. सुक्या मासळीची दुकानं, बँकांचे मनोरे, बाजार, कपडे वाळत घातलेल्या खिडक्या, सगळं हाँगकाँग बेट एका धाग्यात ओवलेलं दिसतं. शेवटच्या थांब्यावर उतरलात की बसस्थानक हेरून ठेवा. तिथूनच पुढे ड्रॅगन्स बॅक या डोंगराकडे जाणारी ९ नंबरची बस मिळते.

चार शब्द, जे सोलापूरकराच्या तोंडी सहज बसतात

कॅन्टनीज भाषेत सहा सूर आहेत आणि सूर चुकला की अर्थ फिरतो. तरी लोक समजून घेतात. आपण सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच चौकात ऐकत वाढतो, त्यामुळे मोडकीतोडकी भाषा बोलायची लाज आपल्याला तशीही नसते.

'मगोय' हा शब्द आधी शिका. कृपया, धन्यवाद, जरा बाजूला व्हा, अहो वेटर, या सगळ्याला तो चालतो. 'नाय चा' म्हणजे दुधाचा चहा. होय, नाय म्हणजे दूध. आपल्याकडे 'नाय चहा' म्हटलं तर काय कळेल याचा विचार करू नका. 'माय दान' म्हणजे बिल आणा. आणि शाकाहाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाचं वाक्य, 'ङो सिक जाय', मी शाकाहारी जेवतो. शाळेत ङ हे अक्षर वाङ्मय सोडलं तर कुठे कामाला आलं नव्हतं. तिथे 'मी' म्हणायलाच ते लागतं.

तोंडी बोलण्यावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. ऑफिसातल्या स्थानिक माणसाकडून चिनी लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्या: मांस नको, मासे नकोत, ऑयस्टर (कालवांचा) सॉस नको, डुकराची चरबी नको, मांसाचं पाणी नको. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतं, कारण नुसतं 'मांस नको' म्हटलं की हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस ओतून आणतात आणि त्यांच्या दृष्टीने ती भाजीच असते. मी पहिले दोन महिने मिटक्या मारत ती भाजी खाल्ली. कळल्यावर आईला फोनवर सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. मुळ्याच्या वड्यांत सुकी कोळंबी असते. एग टार्टच्या पापुद्र्यात बऱ्याचदा चरबी असते. शंका आली की चिठ्ठी दाखवायची.

सामिष खाणाऱ्यांना हा त्रास नाही. त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा आणि आमच्याकडे बघून हसू नये.

दुसरा रविवार: पीकचा फेरा

व्हिक्टोरिया पीक ५५२ मीटर उंच. १८८८ पासून चालू असलेली पीक ट्राम वर नेते, पण तिला रांग असते. सेंट्रल या मध्यवर्ती भागातून १५ नंबरची बस घ्या, ती वळणावळणाने जाते आणि खिडकीतून दिसतंही जास्त. वर गेल्यावर मॉलच्या गच्चीत पैसे घालवू नका. लुगार्ड रोडने निघा, साडेतीन किलोमीटरचा सपाट फेरा आहे, आजी-आजोबाही करतात. अर्ध्या वाटेवर झाडीतून एकदम अख्खं बंदर उघडतं. चढ नसल्यामुळे बुटांची परीक्षा इथेच घ्या.

उतरल्यावर जेवण 'चा चान तेंग'मध्ये. नावाचा अर्थ चहा-जेवणाचं उपाहारगृह. आपल्या बसस्टँडजवळच्या हॉटेलासारखा गोंधळ, तीच घाई. तुम्ही एकटे असाल तर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतील. त्यात अपमान मानू नका, ती रीत आहे. मेनूवर डोळे फिरवत बसलात तर मालकीण डोळे वटारते. शाकाहाऱ्यासाठी तिथे फार काही नसतं हे कबूल: लोण्याचा जाड टोस्ट आणि कडक नाय चा. पण तो चहा! इतका दाट की आपल्या अमृततुल्यवाल्यांनी एकदा येऊन बघावं. चाळीस ते सत्तर डॉलरमध्ये पोटभर होतं.

लामा बेट

तिसऱ्या रविवारी बोट पकडा. सेंट्रलच्या ४ नंबर धक्क्यावरून युंग श्युए वान गावाला अर्ध्या तासात बोट जाते. बेटावर मोटारगाड्या नाहीत. गावातून निघालेली फरसबंद वाट समुद्रकिनाऱ्यावरून, टेकडीवरून सोक क्वू वानला जाते. थांबत थांबत दीड तास. वाटेत वीजकेंद्राच्या तीन उंच चिमण्या दिसतात. आपल्याला चिमण्यांचं काय कौतुक, पण समुद्रापुढे उभ्या बऱ्या दिसतात.

या वाटेवर 'डाऊ फू फा' खा. सोयाबीनच्या दुधाची लोण्यासारखी मऊ वडी, वर आल्याचा गुळचट पाक. पूर्ण शाकाहारी, आणि डोंगर चढून आल्यावर यासारखं काही नाही. सोक क्वू वानला पाण्यावर बांधलेली मासळीची हॉटेलं आहेत. टाकीत पोहणारा मासा निवडायचा आणि तोच पानात. दर वजनावर असतो, तो आधी विचारा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल. तिथून परतीच्या बोटी कमी असतात, वेळापत्रकाचा फोटो आधीच काढून ठेवा.

ड्रॅगन्स बॅक, आणि माझी फजिती

शाऊ केई वानहून ९ नंबरच्या बसने तो तेई वानच्या थांब्यावर उतरायचं. वाट साडेआठ किलोमीटरची, सगळ्यात उंच ठिकाण २८४ मीटर. म्हणजे चढ फार नाही. मधला भाग अजगराच्या पाठीसारखा वर-खाली होतो, दोन्हीकडे समुद्र, आणि शेवटी वाट बिग वेव्ह बेच्या वाळूवर उतरते. पोहायचे कपडे घेतलेत तर तिथेच डुबकी.

मी हा डोंगर पहिल्यांदा जुलैत, सकाळी अकराला चढलो. ऑफिसातल्यांनी नको म्हटलं होतं. मी म्हटलं, 'सोलापूरचा मे काढलेला माणूस आहे, तुमचे ३३ अंश म्हणजे आमची संध्याकाळ.' अर्ध्या तासात डोळ्यांपुढे काजवे चमकले. आपल्याकडे ४३ अंश असतात, पण हवा कोरडी, घाम आला की उडतो आणि अंग निवतं. तिथे हवा आधीच पाण्याने भरलेली असते. घाम उडतच नाही, नुसता वाहतो, आणि शरीराचं इंजिन तापत राहतं. एका छत्रीवाल्या आजींनी मला सावलीत बसवलं आणि पिशवीतून एक खारवलेलं सुकं आलुबुखार काढून तोंडात घालायला लावलं. आवळासुपारीच्या चवीचं. तेव्हापासून माझ्या पिशवीत लिंबू, मीठ-साखर आणि छत्री असते.

तेव्हा नियम असा: मोठे डोंगर नोव्हेंबर ते मार्चमध्ये. उन्हाळ्यात फक्त पहाटे, किंवा लामासारख्या छोट्या वाटा. माणशी किमान दोन लिटर पाणी. वाटेवर दर अर्ध्या किलोमीटरला खुणेचा खांब असतो, त्यावर क्रमांक लिहिलेला असतो. अडचणीत ९९९ ला फोन करून तो क्रमांक सांगायचा, म्हणजे शोधायला आलेल्यांना जागा कळते. येणाऱ्या प्रत्येक खांबाचा क्रमांक बघत चला, सवय लागते. वाटांवर कचरापेट्या नाहीत, भाकरीचा चुरा पडलेला कागदसुद्धा परत आणायचा. कौलूनच्या वरच्या रानात माकडं आहेत. त्यांना खायला घातलंत तर मोठा दंड आहे, मारुतीरायाचं नाव सांगून उपयोग नाही. उत्तरेकडच्या डोंगरांवर फोन सीमेपलीकडच्या चीनमधल्या शेन्झेन शहराचं नेटवर्क पकडतो, तेव्हा रोमिंग बंद करून जा.

शाकाहाऱ्यांची दोन देवळं

इथून पुढे शाकाहाऱ्यांचे दिवस येतात. लांताऊ बेटावर तुंग चुंगपर्यंत मेट्रो, तिथून न्गोंग पिंगला २३ नंबरची बस किंवा केबल कार. वर ३४ मीटर उंचीची कांस्याची बुद्धमूर्ती आहे, १९९३ साली पूर्ण झालेली, आणि तिच्या पायाशी २६८ पायऱ्या. ज्यांना दम आहे त्यांनी शेजारचं ९३४ मीटरचं लांताऊ शिखर करावं, लोक तिथे सूर्योदयाला जातात. बाकीच्यांनी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र कोरलेल्या ३८ लाकडी खांबांपर्यंत फेरी मारावी. मग पो लिन मठाच्या भोजनगृहात तिकीट काढून जेवावं. वाफाळता भात, मशरूम, टोफू, कोबी, सूप. इथे चिठ्ठी दाखवावी लागत नाही. दोन महिन्यांनी पहिल्यांदा निर्धास्त जेवण्याचं सुख काय असतं ते मी इथे अनुभवलं.

दुसरं ठिकाण डायमंड हिलला. ची लिन भिक्षुणी मठ, थांग घराण्याच्या काळातल्या शैलीत लाकडाच्या सांध्यांवर, खिळ्यांशिवाय उभारलेला. समोरच्या नान लिएन उद्यानात धबधब्याच्या पडद्यामागे शाकाहारी भोजनगृह आहे. दर जरा चढा, पण 'लो हान जाय' मागवा. अनेक भाज्या, मशरूम आणि सोयाबीनचे प्रकार एकत्र शिजवलेले, आपल्या भोगीच्या भाजीचा चुलतभाऊ. सकाळी लायन रॉक, ४९५ मीटर, आणि दुपारी इथे जेवण, ही माझी सगळ्यात आवडती जोडी. लायन रॉकचा वरचा टप्पा खडा आहे, माथ्यावर कठडा नाही. वाऱ्याच्या दिवशी सिंहाच्या डोक्यावर उभं राहून फोटो काढायचा शहाणपणा करू नका.

एक युक्ती सांगतो, ती फक्त सोलापूरकरालाच सुचेल. तिथले बरेच बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, म्हणजे साधारण आपली अमावस्या-पौर्णिमा. त्या दिवशी शाकाहारी हॉटेलांत पाय ठेवायला जागा नसते, पण साध्या हॉटेलांतही 'जाय' पदार्थ जास्त दिसतात. आपल्याच गावचं दाते पंचांग मी भिंतीला लावलं होतं, त्यावरून ठरवायचो. नवव्या चांद्र महिन्याच्या नवमीला चुंग येउंगची सुट्टी असते. घरोघरचे लोक पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करून डोंगर चढतात. गर्दी सोसवत असेल तर त्यांच्याबरोबर चढा.

दिमसमच्या टेबलावर

'यम चा' म्हणजे चहा प्यायला जाणं, प्रत्यक्षात सकाळपासून दुपारपर्यंत चालणारं वाफवलेल्या छोट्या पदार्थांचं, म्हणजे दिमसमचं, जेवण. एकट्याने जाण्यात मजा नाही, चार डोकी गोळा करा. आल्या आल्या पहिला चहा प्यायचा नसतो, अनेकजण त्या गरम चहाने वाट्या आणि चॉपस्टिक्स विसळतात. कोणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करा, ते धन्यवाद. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, न बोलता भरून मिळते. बिलात बहुधा दहा टक्के सेवाशुल्क असतं, वर वेगळी टीप द्यायची गरज नाही.

भारतीय जेवणाची आठवण फारच आली तर चिम शा चोईच्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये जा. १९६१ सालची ही १७ मजली इमारत म्हणजे आपली मंगळवार पेठ उभी करून ठेवावी तशी आहे. कणीक, मसाले, डाळी, समोसे, सगळं मिळतं. पण पहिला महिनाभर जाऊ नका. एकदा तिथली वाट पायाला लागली की दुसरी वाट सापडत नाही.

गिरणी

त्सुएन वानला एक जागा मुद्दाम बघा. १९५०-६०च्या दशकांत तिथे सूतगिरण्यांचा धडाका होता, पुढे त्या बंद पडल्या. त्यांतल्या एका गिरणीच्या इमारती पाडल्या नाहीत. २०१८ साली त्या 'द मिल्स' नावाने उघडल्या: आत दुकानं, कॅफे आणि कापडाचं संग्रहालय. सूत कातायची जुनी यंत्रं तिथे ठेवलेली आहेत. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. मी त्या यंत्रापुढे बराच वेळ उभा राहिलो. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, ही आपल्या गिरण्यांची नावं डोक्यात येत राहिली. आपल्याकडे भोंगा गेला आणि पुढे काय, ते सांगायला नको.

त्याच दिवशी त्सुएन वानहून ५१ नंबरच्या बसने ताय मो शानकडे जाता येतं. ९५७ मीटर, हाँगकाँगचं सर्वात उंच ठिकाण. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, चढ लांब पण सोपा. माथ्यावर धुकं असतं आणि हिवाळ्यात बोटं गारठतात, जर्किन न्या. कापडाचा नाद असेल तर परतताना शाम शुई पोला उतरून तागे-लेसच्या गल्ल्या बघा, भाव करायला विसरू नका.

पाऊस आणि वादळ

वेधशाळेचं ॲप पहिल्याच दिवशी फोनमध्ये घ्या. पावसाचे इशारे पिवळा, लाल आणि काळा अशा चढत्या क्रमाने येतात. पिवळा दिसला की डोंगर रद्द, कारण ओढे मिनिटांत फुगतात. वादळाच्या इशाऱ्यांना आकडे असतात, १, ३, ८, ९ आणि १०. तीनवर लोक आकाशाकडे बघू लागतात. आठ लागला की ऑफिसं सुटतात, बसगाड्या थांबतात, दुकानांची शटरं खाली येतात. त्याच्या आधीच्या तासाभरात पाव आणि नूडल्सची कपाटं रिकामी होतात. खिडकीपासून लांब बसा, आणि कडक भाकरीचा तो घट्ट झाकणाचा डबा अशा दिवसासाठी थोडा राखून ठेवलेला असू द्या.